रोहिणीचे पाच दाणे : बालकांच्या कथा-काव्य-लेखन कार्यशाळेविषयी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)

 

सुवर्णमहोत्सवाचे वर्ष हे आनंदाचे वर्ष असते, तसेच ते हिशेबाचेही असते. व्यापारी दिवाळीला नवी वही घालतो, तेव्हा जुन्या वहीतील शिल्लक प्रथम पुढे ओढतो आणि मगच नव्या पानावर पहिली रक्कम लिहितो. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याच्या नोंदी या स्मरणिकेच्या इतर पानांवर आहेतच. परंतु समाजाची एक शिल्लक अशी असते की जिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या कथा. ही शिल्लक पुढच्या पानावर ओढली जात आहे की नाही, आणि ओढायची तर कोणत्या मार्गाने, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्राथमिक शाळेतील मुलामुलींसाठी कथा, काव्य आणि लेखन यांच्या कार्यशाळा ट्रस्टने भरवाव्यात, ही त्यामागील सूचना आहे.

या सूचनेचा आधार आगमातच सापडतो. 'ज्ञाताधर्मकथा' या सहाव्या अंगसूत्रात रोहिणीची कथा आली आहे. राजगृह नगरीत धन्य नावाचा सार्थवाह राहत होता. आपल्या पश्चात घराचा कारभार कोणाकडे सोपवावा, या विचाराने त्याने चार सुनांची परीक्षा घेतली. प्रत्येकीला त्याने साळीचे पाच दाणे दिले आणि मागेन तेव्हा परत करावेत असे सांगितले. थोरल्या उज्झिताने विचार केला की कोठारात साळी भरपूर आहेत, मागतील तेव्हा त्यातले पाच देता येतील. तिने दाणे टाकून दिले. भोगवतीने ते खाऊन टाकले. रक्षिकेने ते शुद्ध वस्त्रात बांधून रत्नांच्या पेटीत ठेवले आणि त्यांची नित्य काळजी घेतली. धाकट्या रोहिणीने ते माहेरच्या माणसांकडे पाठवून स्वतंत्र वाफ्यात पेरण्यास सांगितले. पीक आले, तेच पुन्हा पेरले गेले. पाचव्या वर्षी सासऱ्याने दाणे मागितले तेव्हा रोहिणी म्हणाली की ते आणण्यासाठी गाड्या पाठवाव्या लागतील. सासऱ्याने उज्झितेकडे झाडलोटीचे काम दिले, भोगवतीकडे स्वयंपाकघर दिले, रक्षिकेकडे भांडाराच्या किल्ल्या दिल्या आणि साऱ्या घराचा कारभार रोहिणीच्या हाती सोपवला.

आगमात हे पाच दाणे म्हणजे पाच महाव्रते होत. तो अर्थ अबाधित ठेवून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या कथेत रक्षिकेला दोष दिलेला नाही. तिचे काम मोठेच आहे. तिच्यासारख्या श्रावकांनी आणि साधुभगवंतांनी पाटण, जेसलमेर येथील ज्ञानभांडारांत ताडपत्रे जपली, म्हणून आज धन्य सार्थवाहाची कथा सांगता येते. तरीही सासऱ्याने घर सोपवले ते पेरणाऱ्या सुनेकडे. दाणा पेटीत राहिला तर पाचाचे पाचच राहतात.

आता आपल्या काल्हेर गावाकडे वळू. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की खाडीकाठी वसलेले हे गाव लागते. एके काळची भातशेती मागे हटत गेली आणि तिच्या जागी गोदामे, यंत्रमागाचे कारखाने आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. गुजरात-राजस्थानातून आलेली जैन कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या शेजारी गावचा मूळ आगरी समाज आहे, आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून मागावर व गोदामांत काम करण्यासाठी आलेली माणसे आहेत. या साऱ्यांची मुले सकाळी वेगवेगळ्या शाळांच्या गणवेशांत एकाच रस्त्याने जातात. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, रस्त्यावर तिसरी, अशी बहुतेकांची स्थिती आहे. आजी-आजोबा एखाद्याच घरात असतात; असले तरी संध्याकाळचा वेळ शिकवणी आणि दूरदर्शन संच यांनी व मागाहून भ्रमणध्वनीने घेतला आहे. मुलाला गोष्टी मिळत नाहीत असे नाही. उलट पूर्वी कधी नव्हत्या इतक्या मिळतात. परंतु त्या तयार चित्रांच्या रूपात येतात. ऐकलेल्या गोष्टीतला हत्ती प्रत्येक मुलाला स्वतः उभा करावा लागतो. पडद्यावरचा हत्ती सर्वांना सारखाच मिळतो, आणि मुलाकडे पाहत राहण्यापलीकडे काम उरत नाही.

शाळेतील लेखनाची स्थितीही तपासून पाहावी. 'माझी आई' या विषयावरील चाळीस वह्या उघडल्या तर बहुधा एकाच मार्गदर्शक पुस्तकातील एकच आई चाळीस वेळा भेटते. ती पहाटे उठते, सर्वांची काळजी घेते आणि मायेचा सागर असते. जिची आई बारा तास मागाजवळ उभी असते, आणि जिची आई दुकानाच्या गल्ल्यावर बसते, त्या दोघींच्या वह्यांतही तीच आई असते. मुलाला लिहिता येते, पण त्याला स्वतःला लिहिता येत नाही. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ते कोणाला बोचत नाही.

आपल्या पाठशाळांविषयी येथे आदरानेच बोलले पाहिजे. सात-आठ वर्षांची बालके सूत्रे शुद्ध उच्चारांत मुखोद्गत म्हणतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु शास्त्रांनी स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचना म्हणजे गुरूंकडून पाठ घेणे, पृच्छना म्हणजे विचारणे, परिवर्तना म्हणजे उजळणी, अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवून चिंतन करणे, आणि धर्मकथा म्हणजे स्वतः दुसऱ्यास सांगणे. पाठांतर, प्रश्नमंच आणि गाथास्पर्धा यांत पहिला व तिसरा प्रकार उत्तम साधतो. उरलेल्या तिघांना मुलांच्या आठवड्यात जागा कोठे आहे? प्रश्नमंचात प्रश्न असतात खरे, पण ते मोठ्यांनी विचारलेले असतात, आणि त्यांची उत्तरे आधीच ठरलेली असतात. पृच्छना म्हणजे मुलाने विचारणे.

लेखन-कार्यशाळा हा शब्द नवा वाटत असेल, पण तिची रचना या पाच पायऱ्यांवर सहज उभी राहते. मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा उदाहरणादाखल घेऊ. हीदेखील ज्ञाताधर्मकथेतीलच आहे. वनाला वणवा लागला. जीव वाचविण्यासाठी सारे प्राणी हत्तीने मोकळ्या केलेल्या मैदानात दाटीवाटीने जमले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने एक पाय उचलला, आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा मरेल, म्हणून हत्ती अडीच दिवस तसाच उभा राहिला. वणवा विझला, प्राणी निघून गेले, ससाही गेला. हत्ती पाय टेकवू लागला, पण तो पाय ताठला होता. हत्ती कोसळला आणि काही दिवसांनी त्याचा देह पडला. तोच पुढे श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार झाला.

पहिली पायरी वाचनेची. ही कथा पुस्तकात बोट ठेवून वाचू नये, तोंडाने सांगावी, आणि हत्तीचा पाय अधांतरी असतानाच थांबावे. दुसरी पायरी पृच्छनेची. मुले विचारतील: हत्तीला झोप आली नाही का? सशाला ठाऊक होते का की वर हत्तीचा पाय आहे? इतर प्राण्यांनी थोडी जागा का दिली नाही? सांगणाऱ्याने लगेच उत्तर देऊ नये. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत. तिसरी पायरी परिवर्तनेची. प्रत्येक मुलाने एकेक वाक्य सांगून कथा पुन्हा उभी करावी. ज्याला बोलणे जमत नाही त्याने चित्र काढावे. चौथी पायरी अनुप्रेक्षेची. सर्व मुलांनी दोन मिनिटे एका पायावर उभे राहावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात हसू येईल, दुसऱ्या मिनिटाला पोटरी बोलू लागेल. मग खाली बसून, कोणाशी न बोलता, तो पाय काय म्हणाला ते लिहावे. किंवा सशाच्या जागी बसून वर पाहावे आणि काय दिसले ते लिहावे. पाचवी पायरी धर्मकथेची. लिहिलेले सर्वांसमोर वाचावे, आणि घरी जाऊन धाकट्या भावंडाला ती गोष्ट सांगावी.

अनुकंपेवर दहा वाक्ये पाठ केलेले मूल आणि दोन मिनिटे एका पायावर उभे राहून मग सशाविषयी चार ओळी लिहिलेले मूल, या दोघांतील फरक सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या मुलाची ऱ्हस्व-दीर्घे चुकलेली असतील. ती पुढच्या महिन्यात सुधारता येतात. मात्र पहिल्याच दिवशी कागदावर लाल शाई सांडली, तर ससा पुन्हा त्या मुलाच्या वहीत येणार नाही.

कवितेसाठी तर काल्हेर-भिवंडीसारखी जागा शोधून सापडणार नाही. यमके शिकविण्यापूर्वी मुलांना डोळे मिटून कापडाचे तुकडे हाती द्यावेत. मांजरपाट, वायल, साटीन, खादी आणि मागावरून नुकतेच उतरलेले कोरे ग्रे कापड. एक खरखरीत लागते, एक सुळसुळीत निसटते, एक थंड असते, एकाला पिठासारखा खळीचा वास येतो. प्रत्येक तुकड्यासाठी एक शब्द, आणि त्या शब्दाला शोभेल असे एक माणूस. आजीचा हात कोणत्या कापडासारखा? पावसाळ्यातील खाडी कोणत्या कापडासारखी? येथेच उपमेचा पहिला धडा होतो, आणि उपमा हा शब्दही उच्चारावा लागत नाही. तसेच मागाचे. धोटा जातो-येतो, त्याचा ठेका येथील मुलांच्या कानांत जन्मापासून आहे. त्या ठेक्यावर टाळी धरून ओळी रचावयास सांगितल्या तर मात्रा मोजण्याचे शिक्षण आपोआप होते. उभा ताणा आणि आडवा बाणा यांखेरीज वस्त्र होत नाही. कवितेतही ठेका ताण्यासारखा स्थिर असतो आणि अर्थ बाण्यासारखा त्यातून ये-जा करतो, हे भिवंडीच्या मुलाला दाखविण्यासाठी फळा लागत नाही.

जगातही हे प्रयोग झाले आहेत. अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहावयास शिकविले. सर्वांच्या ओळींची सुरुवात एकसारखी ठेवावी आणि पुढचा भाग ज्याचा त्याने लिहावा, अशी त्यांची साधी युक्ती होती. 'मला असे व्हावेसे वाटते' अशा आरंभाने प्रत्येक मूल एक ओळ देई आणि वर्गाची कविता तयार होई. इटलीतील बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ साली कल्पनाशक्तीच्या व्याकरणावर पुस्तकच लिहिले. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यामधून गोष्ट निघते, हे त्यांनी मुलांबरोबर काम करून दाखविले. 'गोदाम' आणि 'मोर' हे दोन शब्द काल्हेरच्या वर्गात ठेवून पाहावेत.

परंतु यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. गुजरातमध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा' म्हणत. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षकाला चौथीचा दंगेखोर वर्ग मिळतो. शिस्तीचे पहिले प्रयत्न फसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. गोष्टीने वर्ग शांत होतो, आणि पुढे वाचन, नाट्य, इतिहास हे सारे त्या गोष्टीच्या वाटेने येते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत आणला. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले, आणि १९५७ साली ते कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तोपर्यंत हा सारा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तेथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी एक मोलाची गोष्ट केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. विकतच्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे वापरले. गुजरातीत उगवलेले बीज मराठी मातीत रुजले आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, हे आपल्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्या समाजाने विशेष लक्षात ठेवावे.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांसाठी ते छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढीत. रोज स्वतःच्या हाताने पाने लिहावयाची आणि मुलांनी ती वाचावयाची. १९५० साली त्यांचे निधन झाल्यावर प्रकाशभाई मोहाडीकर आणि इतर कार्यकर्त्यांनी साने गुरुजी कथामालेचे कार्य उभे केले, आणि महाराष्ट्रभर गावोगावी मुलांना गोष्टी सांगण्याची परंपरा रुजली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात निघाले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. मुलाने स्वतःच्या अनुभवावरून स्वतःच्या शब्दांत लिहावे, हा तेथील शिक्षणाचा एक पाया राहिला. यांपैकी कोणाकडेही मोठी इमारत आधी नव्हती. सांगणारे एक माणूस होते, ऐकणारी मुले होती आणि काही कोरे कागद होते.

आता एका शंकेचा विचार केला पाहिजे, कारण ती समाजातील वडीलधाऱ्यांच्या मनात येईल आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे. धर्मकथा मुलांच्या हाती दिली आणि त्यांनी ती हवी तशी बदलली, तर आशातना होणार नाही का? ही भीती अनाठायी नाही. यासाठी एक मर्यादा आखता येते. सूत्रे आणि गाथा जशाच्या तशा राहतील. त्यांचा एक कानामात्राही बदलावयाचा नाही. तीर्थंकर भगवंतांच्या मुखी मुलांनी शब्द घालू नयेत. परंतु ससा, हत्ती, राजगृहाच्या बाजारातील हमाल, रोहिणीचे दाणे पेरणारा शेतकरी, यांना बोलते करण्यास कोणती हरकत असावी? आगमांच्या चार अनुयोगांत धर्मकथानुयोगाला स्वतंत्र स्थान आहे. दिगंबर परंपरा त्याला प्रथमानुयोग म्हणते. कथा हा प्रवेशाचा दरवाजा आहे आणि तो मुलांच्या उंचीचा असावा.

शिवाय आपल्या आचार्यांचे उदाहरण समोर आहे. दीड हजार वर्षांहूनही पूर्वी विमलसूरींनी जैन महाराष्ट्री प्राकृतात 'पउमचरिय' म्हणजे रामकथा लिहिली. तिचा आरंभ कशातून होतो? श्रेणिक राजाला पडलेल्या शंकांतून. बलाढ्य राक्षसांचा पराभव वानरांनी कसा केला? कुंभकर्ण सहा महिने झोपतो हे कसे शक्य आहे? राजा हे प्रश्न घेऊन गौतम गणधरांकडे जातो, आणि उत्तरादाखल संपूर्ण कथा येते. तेथे रावणाला दहा डोकी नाहीत. बालपणी गळ्यात घातलेल्या हारातील नऊ रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे पडली, म्हणून तो दशमुख झाला. पुढे रविषेणांनी हीच कथा संस्कृतात सांगितली, स्वयंभूंनी अपभ्रंशात, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरिता'त. प्रत्येकाने ती आपल्या काळाच्या श्रोत्यांसाठी नव्याने लिहिली. राजाने गणधरांना शंका विचारल्या आणि त्यातून महाकाव्य जन्मले, तर आठ वर्षांच्या मुलीने पाठशाळेत शंका विचारल्यास तिला गप्प कसे करावे? आणि रत्नांतील प्रतिबिंबांची ती युक्ती ऐकून एखादे मूल हनुमंताच्या शेपटीचा किंवा समुद्रावरील सेतूचा उलगडा स्वतःच्या बुद्धीने करू लागले, तर ते विमलसूरींच्या वाटेनेच चालले आहे, असे समजावे.

येथे भाषेचाही प्रश्न येतो. ज्या महाराष्ट्री प्राकृतात ही कथा लिहिली गेली, तिच्याशी मराठीचे नाते आई-मुलीसारखे सांगितले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ज्या भाषांना अभिजात दर्जा दिला, त्यांत मराठी आणि प्राकृत या दोन्ही आहेत. आगमांची भाषा आणि या भूमीची भाषा एकाच दिवशी सन्मानित झाल्या, हा योग जैन समाजाने केवळ अभिनंदनाच्या ठरावापुरता ठेवू नये. घरात गुजराती किंवा मारवाडी, शाळेत इंग्रजी आणि परिसरात मराठी, अशा मुलाला तीनही भाषांतील शब्द एकाच कवितेत आणण्याची मोकळीक कार्यशाळेत असावी. आगरी घरातील मुलाने आगरीतच लिहावे. प्रमाण भाषा त्याला शाळा शिकवीलच. येथे त्याची स्वतःची भाषा कागदावर प्रथमच येत असेल.

यावरून सर्वांत महत्त्वाची सूचना येते. ही कार्यशाळा केवळ आपल्या मुलांसाठी असू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले, गोदामांत ओझी वाहणाऱ्यांची मुले आणि मागावर रात्रपाळी करणाऱ्यांची मुले एकाच सतरंजीवर बसावीत. कथा पुष्कळ आहेत. पंचतंत्रातील आहेत, जातकांतील आहेत, आगरी घरांतील आजीच्या आहेत, तेलंगणातून आलेल्या आजोबांच्या आहेत. रोहिणीची कथा हमालाच्या मुलाने ऐकावी आणि त्याच्या गावची कथा व्यापाऱ्याच्या मुलाने ऐकावी. अनेकान्ताचा शब्द आपण भाषणांत वारंवार वापरतो. एकाच वणव्याची गोष्ट हत्तीच्या, सशाच्या आणि जागा न देणाऱ्या हरणाच्या बाजूने तीन मुलांनी लिहिली आणि तिन्ही वाचून दाखविली, की तो शब्द न वापरताही समजतो.

व्यापारी समाजाला लेखनाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला बनारसीदासांचे उदाहरण पुरेसे आहे. १५८६ साली जौनपूरला जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र लिहिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचा गौरव होतो. आग्र्यास व्यापार बुडाला तेव्हा बनारसीदास रात्री लोकांना कथाकाव्ये वाचून दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता; त्याने त्यांना काही महिने कचोऱ्या उधार दिल्या. पुढे ती उधारी फेडलीही गेली. नफा-तोटा, उधारी आणि पश्चात्ताप यांचे इतके प्रांजळ लेखन एका व्यापाऱ्याने चारशे वर्षांपूर्वी केले. वहीत खरा आकडा लिहिण्याची सवय असलेला माणूस खरे वाक्यही लिहू शकतो.

प्रत्यक्ष योजना सोपी आहे. इयत्ता दुसरी ते चौथीची वीस-पंचवीस मुले घ्यावीत. चातुर्मासात आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दोन तास जमावे. मोठ्यांची संख्या तीन-चार असावी. त्यांत एक आजी किंवा आजोबा अवश्य असावेत, कारण तोंडी सांगण्याची कला त्यांच्यापाशी आहे आणि ती फार काळ थांबणार नाही. स्पर्धा, क्रमांक आणि ढाली यांना येथे फाटा द्यावा. पहिला क्रमांक काढला की उरलेली चोवीस मुले पुढच्या वेळी त्या पहिल्यासारखे लिहू लागतात, आणि पुन्हा चाळीस वह्यांतील एकच आई परत येते. प्रत्येकाला एक कोरी वही मिळावी, एवढे बक्षीस पुरे. शेवटी सर्वांच्या लेखनाचे एक हस्तलिखित तयार करावे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, आपण ग्रंथांची पूजा मांडतो; दिगंबर बांधव ज्येष्ठात श्रुतपंचमी साजरी करतात. त्या मांडणीशेजारी वेगळ्या चौरंगावर मुलांचे हस्तलिखित ठेवावे, आणि मुलांनी ते आपल्या आई-वडिलांसमोर वाचून दाखवावे. मागाजवळून रजा काढून आलेली आई आपल्या मुलीच्या तोंडून आपल्यावरची चार खरी वाक्ये ऐकेल, तेव्हा या कार्याचा अहवाल वेगळा लिहावा लागणार नाही.

खर्च म्हणाल तर कागद, पेन्सिली, रंग आणि दुधाचा पेला. एखाद्या महोत्सवातील एका पंगतीच्या खर्चात अनेक वर्षांच्या कार्यशाळा होतील. पैशाहून दुर्मीळ आहे तो रविवारचा दोन तासांचा वेळ. विश्वस्तांना धनादेशावर सही करणे अवघड नाही. आठ रविवार सतरंजीवर बसून मुलांचे प्रश्न ऐकणे अवघड आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात देणग्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी फिरविली जावी, आणि तिच्यात प्रत्येकाने आपल्या नावापुढे रकमेऐवजी रविवार लिहावेत, अशी नम्र विनंती आहे. पहिली कार्यशाळा येत्या चातुर्मासाच्या पहिल्या रविवारी होऊ शकते. ज्यांना रोहिणीची कथा लहानपणी कोणी तरी सांगितली आहे, त्या प्रत्येकाकडे पेरण्याजोगे पाच दाणे आहेतच.

जय जिनेंद्र!